मातीला चालणारे टायर

इलुलाच्या कट्ट्यावरचे मोटारसायकलवाले आपापल्या गाड्यांविषयी जितकं बोलतात, तितकं घरी बायकोशी बोलले असते तर गावातली निम्मी भांडणं मिटली असती. भाड्याचं माणूस मागे बसवून पोहोचवायचं, हा त्यांचा धंदा. कट्ट्यावर सगळे पुरुष आणि एकटी स्कोलास्टिका किहवेले. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज ट्रकवाल्यांनी भोंगा आवरता घ्यावा असा, आणि अंगात वारलेल्या नवऱ्याचं जाकीट. त्याची गाडीही तिने दिवस उलटायच्या आत चालवायला घेतली होती.

इसेलेचा डोंगर तिचा. हमरस्त्याने अर्धा तास डांबरावरून जायचं, मग डावीकडे वळून लाल चिकणमातीचा चढ. पावसाच्या दिवसांत तिकडचं गिऱ्हाईक आलं की बाकीच्यांच्या गाड्या एकाएकी आजारी पडत. कुणाचा प्लग जाई, कुणाची चेन उतरे, एकाला तर नेमका सासऱ्याचा फोन येई. गिऱ्हाईक मग स्कोलाकडे वळायचं.

पण मागच्या आठवड्यात तीही पडली. चाउला मास्तर इसेलेच्या शाळेत शिकवतात. त्यांना घेऊन जाताना दुसऱ्या वळणावर मागचं चाक आपल्या मर्जीने भलतीकडेच निघालं. मास्तर चिखलात उताणे पडले ते ढगांना शिकवायला बसल्यासारखे. लागलं कुणालाच नाही. टायरवरची नक्षी मात्र केव्हाच झिजून गेली होती आणि दोन्ही चाकं म्झे न्येन्झांच्या टकलासारखी चकाकत होती.

म्झे न्येन्झा, म्हणजे कट्ट्याचे वडीलधारे अध्यक्ष, घसा साफ करून म्हणाले, "स्कोला, डोंगर सोड आता. तू डांबरावर राहा. इसेले पोरांना देऊ."

"पोरांना? डोंगर बघून त्यांच्या गाड्या खोकतात."

"मास्तर पडले ना, बाई."

"पडले ते टायरमुळे. टायर बदलते. शनिवारी मास्तरांनाच घेऊन वर जाते आणि खाली येते. त्यांचा पाय एकदा जरी जमिनीला लागला, तर घ्या डोंगर."

मास्तरांना कुणी विचारलंच नाही. ते स्वतःहून म्हणाले, "मी पांढरे बूट घालतो. म्हणजे नंतर वाद नको."

टायर घ्यायचे ते कोंबाच्या दुकानातून, आणि घोडं अडलं ते तिथेच. कोंबा जमातीने न्गोनी, स्कोला हेहे. म्हणजे दोघांत उतानी. (उताणे पडण्याशी याचा संबंध नाही, ते खातं मास्तरांचं.) उतानी म्हणजे थट्टेचं नातं. एके काळी दोघांचे पूर्वज आपसात लढले, आपणच जिंकलो असं दोन्हीकडचे अजून सांगतात, आणि तेव्हापासून नातवंडांना एकमेकांची यथेच्छ टवाळी करायचा हक्क मिळाला आहे. राग मानायचा नाही. अडचण एवढीच, की उतानीतलं माणूस सरळ बोलत नाही.

"या, या! हेहेंची फौज आली!" कोंबा गल्ल्यावरूनच ओरडला. "आज पुढे निघालात, की आजोबांसारखं मागे?"

"तुझ्या आजोबांची आम्ही फक्त पाठ पाहिली रे. म्हणून तर तुमच्यातली तोंडं ओळखू येत नाहीत. टायर दाखव. अर्धा तास डांबर, मग चिखल."

कोंबाने एक बटनवाली जोडी पुढे लोटली. बोटाएवढे गोटे, दोन गोट्यांमध्ये हात जाईल एवढी फट. "हे घे. तुम्ही शूर लोक. दात असलेलेच टायर तुम्हाला शोभतात." आवाजात इतकी साखर होती की स्कोलाला संशय आला.

"आणि ते?" कोपऱ्यातल्या टायरला मधोमध अखंड रेघ होती आणि कडेने ठोकळे.

"ते? वटवाघूळ! धड पक्षी नाही, धड जनावर नाही. डांबरावर लाजतं, चिखलात रडतं. तुमच्या जावयांसाठी ठेवलंय."

उतानीच्या हिशेबाने वाईट म्हटलेलं ते चांगलं. पण हा हिशेब कोंबालाही येत होता. आपण उलटं धरणार हे ओळखून तो उलट्याचं उलटं बोलला असेल तर? स्कोलाने टायर अंगठ्याने दाबून पाहिले. बटनवाले तिने पूर्वी एकदा चालवले होते. डांबरावर ते मधमाश्यांसारखे गुणगुणतात आणि ओल्या वळणावर पकड सोडतात, तीही मागे ट्रक असतानाच. ते नकोत. पण कोपऱ्यातला टायर चिकणमातीत भरून तर जाणार नाही? हे जन्मभर टायर विकून आणि वापरून बसलेल्या कोंबालाच ठाऊक होतं.

"कोंबा, सरळ सांग."

"सरळ? आणि हेहेला? माझ्या आजोबांना काय तोंड दाखवू?"

दुसरं कुणी असतं तर हात टेकून निघून गेलं असतं. स्कोला टायरच्या चळतीवर ठाण मांडून बसली.

"बरं. इसेलेवर मी मेले, तर माझ्या मातीला तू येशील ना?"

"म्हणजे काय!" कोंबा हरखलाच. हेहेच्या मातीला उतानीतला न्गोनी नसेल, तर ती माती कसली? "तुझं जाकीट घालीन, तुझ्यासारखा ओरडीन. रडायला आलेले पोट धरून हसतील बघ."

"पण मला पुरणार वर, इसेलेलाच. पाऊस असणार. उशीर झाला तर तमाम न्गोनींचं नाक कापलं जाईल. मग सांग, माझ्या मातीला तू कुठले टायर लावून येशील?"

कोंबाचा हात आपोआप कोपऱ्याकडे गेला.

"हे," तो हळूच म्हणाला. "मधली रेघ डांबर धरते, कडेचे ठोकळे माती. चिखल भरतो, पण चाक फिरलं की झडतो. पुढचंही हेच हवं. लोक मागचं बदलतात आणि पुढच्यावरून पडतात. अन् चढाच्या पायथ्याला थोडी हवा सोडायची." मग भानावर येऊन तो खेकसला, "तुला नाही सांगितलं! मी माझं ठरवत होतो!"

"बसव," स्कोला म्हणाली. "दोन्ही चाकांना."

शनिवारी पावसाने काही कसर ठेवली नाही. ओल्या डांबरावर एक ट्रक फवारा उडवत शेजारून गेला, तरी वळणावर गाडी रेघेसारखी राहिली. पायथ्याशी स्कोलाने हवा सोडली, ती गाडी स्टँडला लावून, मास्तर वर बसलेलेच. दुसऱ्या वळणावर मागचं चाक पुन्हा सरकलं.

"पाय वर, मास्तर!"

"वरच आहेत, बाई! आता काय गिळून टाकू?"

तिने ब्रेकला बोट लावलं नाही, गॅस सोडला नाही. लाल चिखल आभाळात उडाला आणि ठोकळ्यांनी खालची माती पकडली. गाडी गुरगुरत वर निघाली.

वर मास्तरीणबाई चहा आणि तळलेली गरम मांडाझी घेऊन उभ्या होत्या. "अहो, घर आलं. उतरा की!"

"उतरता येत नाही. डोंगर जाईल," मास्तर म्हणाले, आणि गाडीवरच चहा प्यायले.

उतार चढापेक्षा वाईट होता. पुढचं चाक दोनदा डगमगलं, स्कोलाने दोन्ही वेळा दात आवळून ते वाटेवर आणलं.

कट्ट्यावर म्झे न्येन्झांनी चष्मा लावला आणि मास्तरांची तंगडी हातात घेतली. चिखल पॅंटवर होता, बुटांवर होता, भुवयांवरसुद्धा होता. बुटांचे तळ तेवढे पांढरेशुभ्र.

"डोंगर स्कोलाचा," म्झे म्हणाले, आणि पोरांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

मास्तर तसेच गाडीवर बसून होते. "ते ठीक आहे हो. पण माझं घर वर आहे. मला आता घरी जायचंय."

स्कोलाने किक मारली. "चला, मास्तर. या खेपेला पाय टेकलेत तरी चालेल."