भिंतीलगतची पट्टी

माझ्या ताईच्या खोलीत कपाटाला टेकवून प्लायवूडचा एक अख्खा तक्ता उभा असायचा. कपडे काढायचे तर आधी तक्ता सरकवा, मग दार उघडा, कपडे घ्या, दार लावा, तक्ता परत टेकवा. ताई हे रोज करायची आणि करताना जे काही बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या तक्त्यावर माझ्या भावोजींची कादंबरी होती. म्हणजे कादंबरी नव्हतीच, तिचा नुसता आराखडा होता.

भावोजी लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवतात. त्यांच्या हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘गुण्या’ म्हणतात. काटकोन बरोबर आहे की नाही हे तपासायचं सुताराचं हत्यार म्हणजे गुण्या. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं. खुर्ची डुगडुगत नाही ना हे बघितल्याशिवाय हा माणूस तिच्यावर बसत नाही. ताईला बघायला आले तेव्हा सगळा वेळ आमच्या दाराची चौकट न्याहाळत होते, आणि निघताना बाबांना म्हणाले, “वरचा कोपरा जरा उतरलाय.” बाबांनी त्याच संध्याकाळी होकार कळवला, कारण तो कोपरा त्यांनाही कधीपासून खुपत होता.

अशा माणसानं एक दिवस जेवताना जाहीर केलं, की मला कादंबरी लिहायची आहे. मी पाणी पीत होते, मला ठसकाच लागला. ताई मात्र हसली नाही. तिनं फक्त विचारलं, “कधी लिहिणार?”

खरा प्रश्न तोच होता. दिवसभर लोकांच्या भिंतींना भोकं पाडून आलेला माणूस संध्याकाळी पेन धरून बसला की पहिल्या ओळीवरच मान टाकायचा. सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी बिजागरी निखळलेली असायचीच. शेवटी ताईनं तोडगा काढला. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. तिनं दिवसपाळी सोडून पहाटेची मागून घेतली. कामावर तिला व्हॅननं भावोजी सोडणार, आणि तिथून पुढे गिऱ्हाईक दार उघडेपर्यंतचा वेळ त्यांचा. इतक्या सकाळी ड्रिलचा आवाज कुणालाच नको असतो. इस्पितळाच्या मागे झाडाखाली व्हॅन लावायची आणि लिहायचं. झोप ही माझ्या ताईची जगातली सगळ्यात आवडती गोष्ट. लहानपणी ती अंघोळीच्या बादलीशेजारी बसून झोपायची. तिनं पहाटेची पाळी मागितली हे ऐकून आई म्हणाली, “हिचं प्रेम आहे हो त्याच्यावर.” इतकी वर्षं आईला शंका होती बहुतेक.

वेळ मिळाला, पण भावोजी लिहीत नव्हते. ते आखत होते. मोठं काम असलं की ते प्लायवूडवर पेन्सिलीनं सगळी कपाटं आखून घेतात, तशीच त्यांनी प्रकरणं आखली. चौकोन काढले, बाण काढले, कोण कधी आत येतं, कोण कधी बाहेर जातं, सगळं. सकाळी व्हॅनमध्ये विचार करायचा आणि रात्री घरी येऊन तक्त्यावर दुरुस्ती करायची. काही चुकलं की पॉलिश पेपर घेऊन घासून पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून आखायचं. नमनालाच घडाभर तेल, आणि तेही रोज नवं.

गोष्ट आम्हा सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. दोन भाऊ, एक घर. भांडण होतं, घराची वाटणी होते आणि मधलं दार बंद होतं. शेवटच्या प्रकरणात थोरला येतो आणि दार उघडतो. संपलं. धाकट्याच्या बायकोला आराखड्यात एकच काम होतं, चहा आणायचं. पण एकदा भावोजींनी खरोखरच लिहायला घेतलं, तर ही बाई चहाचा कप ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही दोघं जन्मभर बोलू नका. मला ते दार उघडं हवंय.”

हे आराखड्यात नव्हतं. भावोजींनी पेन ठेवलं, घरी आले आणि अख्खा तक्ता घासून काढला. पण ते वाक्य त्यांनी ताईला बोलून दाखवलं होतं, आणि ताईला ते फार आवडलं. “तिचंच लिहा ना,” ती म्हणाली. भावोजी म्हणाले, “तिचं लिहिलं तर शेवट बसत नाही.” त्यानंतर आराखड्यात त्या बाईचा चहाही बंद झाला.

असे महिने गेले. ताई डोळ्यांखाली काळं घेऊन फिरायची. “वाचायला कधी देताय?” असं विचारायची आणि उत्तर ठरलेलं असायचं, “एकदा आराखडा पक्का होऊ दे.” मग एक दिवस प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिला सांगितलं, की पाळ्या आता कायमच्या ठरणार आहेत. तुला पहाटेची ठेवायची की दिवसाची, ते महिनाअखेर सांग. त्या संध्याकाळी ताई वरच्या मजल्यावर माझ्या घरी आली आणि सोफ्यावर आडवी झाली.

“मी दिवसपाळी घेते,” ती म्हणाली. “एक पान, गं. एक पान जरी दिलं असतं ना, तरी मी जन्मभर पहाटे उठले असते. मला काय ती छापायची नाहीये. मला वाचायचीये.”

तिचे डोळे भरून आले होते. मला भावोजींचा इतका राग आला की त्या तक्त्याचे तुकडे करून जाळावेत असं वाटलं. पण माझी पंचाईत अशी, की नेमकं तेव्हाच ते माझंच स्वयंपाकघर बसवत होते. अर्ध्या कपाटांवर सुताराशी कोण भांडणार? मूग गिळून बसले.

दोन-तीन दिवसांत सगळी कपाटं उभी राहिली. शेवटच्या कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये एक उभी फट राहिली होती. तिथे लावायची पट्टी भावोजींनी भिंतीला टेकवली. फटीपेक्षा ती चांगलीच रुंद होती. मला आनंदच झाला. म्हटलं, चुकलं एकदाचं माप!

“तीनदा मापूनसुद्धा मोठी झाली वाटतं?” मी विचारलं.

“मुद्दाम ठेवलीये,” ते म्हणाले. “भिंतीलगतची पट्टी कधी आधी कापून आणायची नसते. कागदावर भिंत सरळ असते, घरात नसते. हिला पोट आहे बघ, आणि वर ती आत गेलीये.” त्यांनी लाकडाच्या ठोकळ्याला पेन्सिल धरली आणि भिंतीवरून ठोकळा फिरवत आणला. भिंतीची सगळी वेडीवाकडी रेघ पट्टीवर उतरली. “आता या रेघेवर कापायची. भिंत म्हणेल तशी.”

“भिंत काय म्हणेल ते आधी नाही कळत?”

“बाकीची कपाटं उभी राहिल्याशिवाय कसं कळणार?”

मग मात्र मला राहवलं नाही. “भावोजी, भिंतीचं एवढं ऐकता. मग त्या धाकट्याच्या बायकोनं काय घोडं मारलंय तुमचं?”

त्यांचा हात थांबला. “लाकूड वेगळं, माणसं वेगळी.”

“तेच म्हणतेय मी. लाकडाला मोकळीक देता आणि तिला नाही. आणि ताई पुढच्या आठवड्यात दिवसपाळी घेतेय, तेही सांगून ठेवते.”

त्यांनी हत्यारं गोळा केली आणि चहा न घेताच निघून गेले. पट्टी तशीच भिंतीला टेकून राहिली. पुढचे काही दिवस मी त्या फटीकडे बघत स्वयंपाक केला आणि स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या. सुताराला दुखवायचंच होतं तर काम पूर्ण झाल्यावर तरी दुखवायचं!

मग एका संध्याकाळी ते आले आणि त्यांनी पट्टी कापून बसवली. केसही जाणार नाही अशी बसली. जाताना दारात थांबून म्हणाले, “तक्ता काढलाय.”

मी धावत खाली गेले. ताईच्या कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि ती नुसतीच त्याच्यासमोर उभी होती. तक्ता कापून भावोजींनी मांडीवर ठेवून लिहायची एक फळी केली होती. तिच्यावर आराखड्यातले पहिले तीन चौकोन राहिले होते. वाटणीपर्यंतची गोष्ट होती, त्यापुढे फळी संपत होती.

“बाकीचं?” मी विचारलं.

“नुसतं टेकवून ठेवून काय करू?” भावोजी आतून म्हणाले. “दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कपाटात तळाला गेलं. काम झालं त्याचं.”

महिना संपायच्या आदल्या सकाळी व्हॅन इस्पितळाच्या मागे थांबली आणि भावोजींनी ताईच्या हातात पानं ठेवली. ती उतरलीच नाही, तिथेच वाचत बसली. सुरुवातीला मधल्या दाराच्या बिजागरीचंच वर्णन होतं. कुठल्या धातूची, किती स्क्रूंची, कुठे गंज चढलाय. ताई म्हणते, मला वाटलं आता किल्लीसाठी वेगळं प्रकरण असणार. भावोजी चेहरा पाडून बसले होते. पण मग माणसं आली, भांडली, दार बंद झालं. आणि एका दुपारी घरात कुणी नसताना धाकट्याची बायको हात पुसत त्या दाराशी आली. तिनं कडीवर हात ठेवला.

तिथे पान संपलं होतं.

“पुढे?” ताईनं विचारलं.

“माहीत नाही,” भावोजी म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या कामाबद्दल हा माणूस ‘माहीत नाही’ म्हणाल्याचं ताईनं पहिल्यांदाच ऐकलं. तिला कामावर पोचायला उशीर झाला होता. मॅडम तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, “मॅडम, मला पहाटेचीच ठेवा. कायमची.”

हे सगळं तिनं मला संध्याकाळी जांभया देत देत सांगितलं. मी म्हटलं, “अगं, आणि तुझी झोप?”

“झोप कसली?” ताई म्हणाली. “ती बाई तिथे कडीला हात लावून उभी आहे. तिनं दार उघडलं की नाही हे कळल्याशिवाय मला झोप लागणार आहे का?”