मूळ गाव विचारणाऱ्या बाई

मंगळवारी माझ्या ताईवर अन्याय झाला. फोनमध्ये जाहिराती आणि पाळत अडवणारा ब्लॉकर होता, तरी दुपारी दवाखान्याच्या वेबसाइटवर तिनं मूल होण्याचे उपचार वाचले आणि संध्याकाळी सासूसमोर त्याच जाहिराती उगवल्या.

दुसऱ्या दिवशी दौंड-शिरूर एसटीत मी यावरूनच फोनवर तणतणत होते. शेजारच्या बाई रांजणगावच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या. शेंगा सोलत प्रत्येकाला मूळ गाव विचारायच्या, कंडक्टरलासुद्धा.

“दवाखान्यानं पाळत ठेवणाऱ्या कंपनीला सोताच्या नावाचा वेबसाइटचा पत्ता दिला आसंल,” त्या म्हणाल्या. “लग्नात परक्याला घरचा फेटा बांधल्यागत. साधा ब्लॉकर फेटा बघून आत सोडतो. चांगला ब्लॉकर त्या पत्त्याचं मूळ गाव काढतो, म्हंजी तो पत्ता खरा कुठल्या कंपनीकडं जातो ते बघतो, आन् दारातनंच परत धाडतो. तुमचं मूळ गाव कुठलं?”

मी हसले. तुम्ही हसू नका. तुमचा ब्लॉकर मूळ गाव विचारतो का, आजच बघा. विचारत नसेल तर बदला.