चौथी 'ब' आणि परिपाठाचा माइक

प्राथमिक शाळेतल्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. पर्सच्या तळाशी खडूचे तुकडे साठतात, तसे ते आपोआप साठतात. मधल्या सुट्टीत डबा उघडला की एक मी सांगते, एक मोहिते बाई सांगतात, आणि घंटा होते तेव्हा पोळी तशीच असते! नवरा म्हणतो, "तुमची शाळा आहे की सर्कस?" मी म्हणते, "सर्कशीत प्राणी ऐकतात तरी!"

डोंबिवलीतली आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मुलं चार शाळांत पांगतात. म्हणून यंदा जूनमध्येच मी चौथी 'ब'ला सांगून टाकलेलं, "इथून जायच्या आधी प्रत्येकाने एकदा तरी परिपाठाला माइकवर बोलायचं. प्रत्येकाने म्हणजे प्रत्येकाने!" परिपाठ म्हणजे रोज सकाळी मैदानात होणारी प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. आमच्याकडे हे सगळं मुलंच चालवतात.

मोहिते बाईंनी लगेच विचारलं, "तन्वी पण?"

तन्वी पहिलीपासून आमच्याकडे. अभ्यासात हुशार, चित्रं सुंदर काढते, पण शाळेच्या फाटकातून आत आली की एक शब्द नाही. कोणाशीच नाही. आणि तिची आई सांगायची, "बाई, घरी हिला गप्प बसवायला टीव्ही लावावा लागतो!" समुपदेशक ताईंनी सांगितलेलं, जबरदस्ती करू नका, पण संधी देणं थांबवू नका. मी दुसरं वाक्य घट्ट धरून ठेवलं.

"तन्वी पण," मी म्हटलं. मी एकदा म्हटलं की म्हटलं. माझ्या सासूबाईंना विचारा.

*

पहिला माइक गार्गीने पटकावला. गार्गी तन्वीच्या शेजारी बसते आणि तन्वीच्या वाट्याचं बोलणंही तीच बोलते. तिच्याकडे बातम्या होत्या. "पेपरातल्या नकोत, आपल्या आजूबाजूच्या सांग," असं मीच तिला सांगून बसलेले.

गार्गीने घसा साफ केला. "ठळक बातम्या. आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरी काकांनी काल पुन्हा पाण्याचा पंप मध्येच बंद केला. तिसऱ्या मजल्यावर माझे बाबा साबण लावून बाथरूममध्ये अडकले. आई म्हणाली, आता मीटिंगमध्ये बघतेच!"

अख्खी शाळा खिदळली. आमचे मुख्याध्यापक देवरुखकर सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटताना ते सेक्रेटरी फाटकाशी हजर! त्यांचा नातू आमच्याच दुसरीत, त्याने घरी जाऊन सगळं सांगितलेलं. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी पदर खोचून पुढे झाले. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, उद्याच्या परिपाठात माझी बाजू येईल का?"

*

जुलैत तन्वीचं नाव पुकारलं. ती आली. माइकपाशी उभी राहिली, ओठ उघडले, मिटले. थोड्या वेळाने मीच तिला हाताला धरून रांगेत नेलं. मला फार वाईट वाटलं.

मोहिते बाई म्हणाल्या, "कशाला गं मागे लागतेस? पाचवीत गेली की बोलेल."

"मग पाचवीच्या बाईंना आयतं कशाला द्यायचं?"

तरी वर्गात गेल्यावर मी तन्वीला विचारलं, "नको असेल तर नको. पण पुढच्या मंगळवारी पुन्हा उभी राहशील?" तिने हो म्हणून मान डोलावली. जोरात! म्हणजे हट्ट माझा एकटीचा नव्हता. तेव्हापासून मंगळवार तन्वीचा. यायची, माइकशेजारी उभी राहायची, न बोलता परत जायची. पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर.

*

परिसर अभ्यासात बी कसं रुजतं ते शिकवायचं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, मटकी भिजवा, फडक्यात बांधा, मोड आले की वर्गात आणा.

ठरलेल्या दिवशी अर्ध्या वर्गाकडे मोड आलेली मटकी आणि उरलेल्या अर्ध्याकडे स्टीलचे डबे. "बाई, आईने उसळ केली!"

आधी मी चिडले. मग म्हटलं, हरकत नाही, प्रयोग पूर्ण करायचाच. "उघडा डबे! निरीक्षण सांगा."

मागून आवाज आला, "बाई, माझ्या मोडांना खोबरं आलंय!"

एवढ्यात गार्गी उठली. "बाई, तन्वी म्हणते तिला पण चमचाभर पाहिजे."

माझ्या हातातला डबा पडायचा बाकी राहिला. "म्हणाली? तन्वी बोलली?"

"नाही बाई. पण म्हणते."

मी तन्वीला चमचाभर उसळ दिली. तिने खाल्ली आणि नाक मुरडलं.

"मीठ कमी आहे म्हणते," गार्गीने लगेच सांगितलं. मी चाखून बघितली. खरंच कमी होतं!

*

एकदा मुलांना ठाण्याला खोपटचा एसटी डेपो दाखवायला निघालो. आमची बस शीळफाट्याला जी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे सिमेंटचा मिक्सर. ड्रायव्हर खाली उतरून काकडी खाऊ लागला, तेव्हा मी समजले की आजचा दिवस गेला.

पण तास वाया घालवायचा नाही म्हणजे नाही! "खिडकीतून नंबरप्लेट वाचा! कोणता ट्रक कोणत्या राज्यातून आला?" बसमध्ये नुसता कल्ला. "बाई, गुजरात!" "बाई, राजस्थान!" "बाई, हा कर्नाटकवाला झोपलाय!" तन्वी बोलत नव्हती, पण काचेवर बोट आपटून सगळ्यात जास्त राज्यं तिनेच पकडली.

डेपोत पोचलो तेव्हा तिथल्या साहेबांची जेवायची वेळ झालेली. घाईघाईने एक लाल बस दाखवून त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?"

गार्गी म्हणाली, "गणपतीला गावी जाताना आम्हाला दरवर्षी मागच्या चाकावरची सीट का देता? मला उलटी होते."

साहेब म्हणाले, "पुढचा प्रश्न."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "सहलीत सगळ्यात जास्त काय आवडलं?" चौथी 'ब' एका सुरात ओरडली, "शीळफाटा!"

*

दिवाळीनंतर मला एक युक्ती सुचली. तन्वीच्या आईला म्हटलं, घरीच तिचा सुविचार मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा, आपण तो स्पीकरवर लावू. तन्वीनेही मान डोलावली. रेकॉर्डिंग आलं. सगळ्यांबरोबर ऐकायचं म्हणून मी आधी ऐकलंही नाही, थेट मंगळवारी परिपाठाला लावलं.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. काय खणखणीत! "आजचा सुविचार. रोज थोडं थोडं..."

आणि मागून तिची आई, "तन्वी, दूध उतू चाललंय! आधी गॅस बंद कर!"

"आई! रेकॉर्डिंग चालूए ना! तूच कर!"

मैदान हसून लोळायचं बाकी राहिलं. मग मुलांनी टाळ्या पण वाजवल्या. मी खूश. झालं की नाही सगळ्यांचं! मोहिते बाईंकडे मी जिंकल्यासारखं बघितलंसुद्धा.

वर्गात गेले तर गार्गी उभी. "बाई, तन्वी म्हणते हे धरायचं नाही. हे मोबाइल बोलला."

मी तन्वीकडे बघितलं. "खरंच नाही धरायचं?" तिने नाही म्हणून मान हलवली, दोन्ही वेण्या गालावर आपटेपर्यंत. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. माझ्यापेक्षा हट्टी माणूस मला पहिल्यांदाच भेटलेलं.

*

बघता बघता मार्च संपत आला. परीक्षेआधीचा शेवटचा मंगळवार. वर्गातले सगळे माइकवर बोलून झालेले, एकटी तन्वी राहिलेली. आज नाही तर या शाळेत पुन्हा कधीच नाही.

त्या दिवशी ऑर्डर द्यायला गार्गी होती आणि तिच्या बाजूला हातात सुविचाराचा कागद धरून तन्वी. प्रार्थना झाली. गार्गीने "शाळा, सावधान!" केलं, प्रतिज्ञा झाली. आता विश्राम म्हणायचं, तेवढ्यात देवरुखकर सर माइकपाशी आले. "मुलांनो, परीक्षा जवळ आली आहे. दोनच शब्द बोलणार आहे."

सर जुने स्काउट. सावधान म्हटल्यावर विश्राम ऐकल्याशिवाय कोणी हलायचं नाही हा त्यांचा कायदा, तो शिक्षकांना लागू आणि स्वतः त्यांनाही. तेही ताठ उभे, आम्हीही ताठ उभे. दोन शब्दांत आधी शिस्त आली, मग वेळापत्रक, मग सरांच्या गावची शाळा, तिथली नदी, नदीवरचा साकव आणि साकवावरून शाळेत जाणारे लहानपणीचे सर.

ऊन डोक्यावर आलं. पहिलीची रांग डुलायला लागली. मोहिते बाईंचा गुडघा दुखत होता, त्या डोळ्यांनीच मला काहीतरी कर म्हणून विनवत होत्या. पण सरांना अडवणार कोण? बडबड्या गार्गीचीसुद्धा बोबडी वळलेली! आणि माझ्या मनात एकच, आता बेल होणार, परिपाठ संपणार आणि तन्वी राहणार.

सरांना ठसका लागला. शिपाईमामांनी पाण्याची बाटली आणून दिली. सर माइकपासून जरा बाजूला झाले आणि पुन्हा ताठ उभे राहून पाणी प्यायले.

तन्वीने पहिलीच्या रांगेकडे बघितलं. हातातला कागद गार्गीकडे दिला. दोन पावलं पुढे आली, माइक आपल्या उंचीला ओढला, आणि सगळ्या डोंबिवलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"शाळा, विश्राम!"

सगळे पाय एकदम हलले. मोहिते बाईंचे हलले, माझे हलले. मी घाबरून सरांकडे बघितलं.

सरांचाही डावा पाय बाजूला गेलेला आणि दोन्ही हात बाटलीसकट पाठीमागे!