सभागृहाच्या भिंतीवरची धूळ

नाशिकच्या एका सार्वजनिक सभागृहात एक पेंटर अठराव्या शतकातल्या एका लढाईची रेखाचित्रे भिंतीवर मोठी करून रंगवतो. मी येता-जाता थांबतो. रंगवताना घोड्याशी बोलायची त्याला सवय: "थांब रे, हलू नको." मूळ चित्रांत दोन्ही सैन्यांचे फेटे सारखेच आहेत.

गेल्या आठवड्यात चौघे आले. "पेंटर, पडलेत ते आपले का त्यांचे?"

"मूळ चित्रात तसं काही नाही, दादा."

"मग नीट रंगव. आम्ही परत येतो."

तेव्हापासून तो घोड्यांशी बोलत नाही. पडलेल्यांवर धूळ रंगवतो. काल ती धूळ स्वारांच्या छातीपर्यंत चढली होती.

"अजून किती?" मी विचारले.

त्याने दाराकडे पाहिले. "ते यायच्या आत कोणीच दिसायला नको, साहेब."