चौथा मजला, थांबा

माझ्या बायकोबद्दल लोक जे सांगतात ते खोटं नाही, पण अर्धं आहे. आणि अर्धं सांगणाऱ्यांचा मला भारी राग येतो. तेव्हा उरलेलं अर्धं मीच सांगतो.

ती हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. मोठ्या दारातून आत शिरलं की डावीकडे काचेची खोली, तिथं तिचा बोर्ड. खुर्चीवर बसून बसून चपटी झालेली उशी, टेबलावर पाण्याची बाटली आणि घशासाठी लवंगांची डबी. इमारत वाढवली तेव्हा आगीची सूचना देणारी यंत्रणाही त्याच खोलीत आणून बसवली आणि ते लोढणं हिच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून हॉस्पिटलातले लोक तिला ‘दवंडी’ म्हणायचे. तिला ते माहीत होतं. एखाद्यानं चुकून तोंडावर म्हटलंच तर ती सरळ ‘ओ’ द्यायची, आणि मग त्याचीच पंचाईत.

त्या यंत्रणेचं पुराण मी घरी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पूर्वी नुसती घंटा वाजायची. घंटा काय सांगते? काहीतरी झालंय, एवढंच. कुठं झालंय, आपण काय करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मग कोणी दारातून डोकावतो, कोणी जिन्याकडे धावतो आणि नेमका आगीच्या तोंडात जातो. नव्या यंत्रणेत सूर काढणारा एक डबा होता. ती त्याला पेटी म्हणायची. त्या पेटीत दोन तऱ्हेचे सूर. एक तुटक, थांबून थांबून वाजणारा. त्याचा अर्थ, सावध राहा. दुसरा खालून वर चढत जाणारा. त्याचा अर्थ, निघा. ज्या मजल्याला धोका त्याला चढता सूर, बाकीच्यांना तुटक. सगळे एकदम जिन्यात आले तर कोणीच उतरत नाही, म्हणून ही विभागणी. सूर झाला की रेकॉर्ड केलेली सूचना, मग परत सूर.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर माइक. माइकचं बटण दाबलं की सूर बंद, रेकॉर्डही बंद. ज्या मजल्याचा स्विच चालू असेल तिथं फक्त बोलणाऱ्याचा आवाज. बटण सोडलं की पेटी पुन्हा सुरू.

“म्हणजे आपल्या घरासारखंच,” मी म्हणायचो. “तू बोलायला लागलीस की बाकी सगळं बंद.”

“आणि मी दम खायला थांबले की तुम्ही सुरू,” ती म्हणायची.

त्या पेटीची एक खोड होती. सूचना वाजत असताना बराच वेळ टेबलाकडून कोणी हात लावला नाही, तर ती समजायची की इथं माणूस उरलेलं नाही. मग आपणहून सगळ्या मजल्यांना ‘निघा’ लावून मोकळी व्हायची. पेटी बसवायला आलेल्या तंत्रज्ञानं हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “म्हणजे मी उठायचं नाही, असंच ना?” तो म्हणाला, “उठा की. जीव धोक्यात घालायला कोण सांगतंय?” रेकॉर्ड करायच्या सूचनेच्या कागदावर त्यानं पहिलंच वाक्य लिहून आणलं होतं, घाबरू नका. हिनं ते खोडायला लावलं. घाबरू नका असं आपण कधी म्हणतो? घाबरण्यासारखं काही झालं की. डॉक्टर घाबरू नका म्हणाला की नातेवाईक आधी खुर्ची शोधतात. तंत्रज्ञ हसला, पण वाक्य काढलं त्यानं.

आता माझं. माझी मूत्रपिंडं कामातून गेलेली. मीठ कमी खा, गोळ्या वेळेवर घ्या, ती घसा फोडून सांगायची आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याच हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दंडात सुया खुपसायच्या आणि रक्त मशीनमधून धुऊन निघेपर्यंत खाटेवर पडून राहायचं. माझी पाळी सकाळची. दुपारी ती मागच्या खोलीत जेवायला गेलेली असायची तेव्हा मी सुटायचो आणि घरी जायचो. त्या दिवशी माझं मशीन बिघडलं. दुसरं रिकामं होईपर्यंत दुपार टळली. तिला काही कळवलं नाही, कारण बोर्डावर घरचा फोन आला की ती फाडून खायची. तिनं गृहीत धरलं, मी घरी जाऊन झोपलो असेन.

तळमजल्यावर, तिच्या खोलीपासून जवळच, चादरी ठेवायची खोली होती. तिथं पेटलं.

आमच्याकडे तुटक सूर वाजायला लागला. माना वर झाल्या. मग सूर मधेच तुटला आणि तिचा आवाज आला. “चौथा मजला, थांबा. आग तळमजल्यावर आहे. तुमच्याकडे धूर नाही. मोठ्या जिन्यात धूर आहे, तिकडे जाऊ नका. दारं लावून घ्या. मागच्या जिन्यानं खालचे मजले उतरतायत. तुमची पाळी आली की मी सांगेन.”

भाजीवाल्याशी बोलताना जो आवाज असायचा, तोच. पण खिडकीतून काळा धूर वर येताना दिसत होता, आणि शेजारच्या खाटेवरचा ठेकेदार उठून उभा राहिला. त्याचं डायलिसिस झालेलं, दंडाला पट्टी बांधून तो नुसता टेकला होता. मोठ्या आवाजाचा माणूस. म्हणाला, “ज्याचं जळतं त्याला कळतं. ही बाई खाली दाराशी बसलीय, एक पाऊल टाकलं की बाहेर. उंटावरून शेळ्या हाकायला तिचं काय जातंय? तिचं कोण आहे इथं वर?”

आणखी दोघं-तिघं उठले. सिस्टर एकटी, ती दारापुढं आडवी उभी राहिली. मी माझा मोकळा हात वर केला.

“मी आहे,” मी म्हटलं. “नवरा.”

ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या सुयांकडे पाहिलं, आणि तो खाली बसला. मग बाकीचेही बसले. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी फार अभिमान वाटला. लग्नात नव्हता वाटला तेवढा.

तिचं बोलणं मधूनमधून येतच होतं. मग बोलता बोलता ती खोकली. नंतर दर वाक्याला खोकायला लागली. धूर तिच्या खोलीत शिरला होता. आमच्या भिंतीवर लाल फोन होता; तो उचलला की सरळ तिच्या टेबलाशी बोलता यायचं. मी सिस्टरला म्हटलं, जरा लावून द्या. तिनं रिसीव्हर माझ्या कानाशी धरला.

“अगं, मी बोलतोय. चौथ्यावरून. तू ऊठ तिथून, बाहेर हो.”

पलीकडे ती आधी खोकली. मग म्हणाली, “तुम्ही अजून इथंच?”

“मशीन बिघडलं होतं.”

“सिस्टरला द्या फोन,” ती म्हणाली. सिस्टरनं कानाला लावेपर्यंत तो बंद झाला होता.

आणि छतातून तुटक सूर वाजतच राहिला. म्हणजे तिनं माइकचं बटण अजून दाबलं नव्हतं. वॉर्डात दुसऱ्या कोणाला त्याचा अर्थ कळत नव्हता, मला कळत होता. ती एकतर उठून गेली, नाहीतर पडली, नाहीतर आता आमच्यासाठी चढता सूर लावतेय. ती उठून गेलेली असावी असं मला वाटत होतं. आणि तिनं आधी आम्हाला बाहेर काढावं असंही वाटत होतं. मरणाची भीती वाटते हो माणसाला, मशीनवर जगणाऱ्यालासुद्धा.

सूर तुटला. “चौथा मजला, थांबा. आग तळमजल्यावर आहे. तुमच्याकडे धूर नाही.” तेच शब्द, त्याच क्रमानं. मधे खोकला, पण आवाज जराही हलला नाही.

“बाई लोखंडाची आहे,” ठेकेदार म्हणाला.

ती थांबा म्हणत राहिली आणि आम्ही थांबलो. अग्निशमनवाले मागच्या जिन्यानं वर आले, सिस्टरनं एकेकाला मशीनवरून सोडवलं, आणि आम्हाला खुर्च्यांवर बसवून खाली नेलं. इमारतीतलं कोणी दगावलं नाही. तिला त्यांनी तिच्या खोलीतून उचलून आणलं होतं. नाकातोंडाभोवती काजळी, डोळे उघडे, बोलता येत नव्हतं.

छाती पुन्हा धड झालीच नाही. घरी आली ती प्राणवायूच्या नळीसकट. हॉस्पिटलात तिचा सत्कार झाला, भाषणं झाली. स्वतःचा नवरा वर अडकलेला असताना बाईंनी नियम मोडला नाही, असं जो तो म्हणाला. ती खाली मान घालून बसली होती. टाळ्या मीही वाजवल्या, पण आतून मला ते लागलं होतं. माझा आवाज ऐकून हिच्या एका शब्दात फरक पडू नये?

माझ्या जिभेला हाड नाही. एका दुपारी ती खिडकीशी बसली होती आणि मी विचारलंच. “माझा आवाज ऐकल्यावर तुला काहीच वाटलं नाही? काळीज आहे की दगड?”

ती थांबत थांबत, मधे श्वास घेत बोलली.

“चौथ्याच्या स्विचवर हात गेला होता. निघा लावणारच होते. मग डोळ्यांपुढं आलं, निघा म्हटलं की सगळे उठणार आणि पळणार. तुमच्या दंडात सुया. सिस्टर एकटी, ती कोणाकोणाला सोडवेल? ज्याला पाय आहेत तो जाईल, आणि त्या खोलीत तुम्ही राहाल.” तिनं नळी सारखी केली. “आधी मी नियम म्हणून थांबा म्हणत होते. नंतर तुमच्यासाठी म्हटलं. मागचा जिना मोकळा झाला की नाही, तेही मग नीट विचारलं नाही मी कोणाला. तेवढी माणसं तुमच्या सोबतीला बसवून ठेवली. त्यांना काही झालं असतं तर? आणि हे लोक माझ्यावर भाषणं करतात.”

मी तिचा हात धरला, तो गार होता.

“तुम्हाला एकटं ठेवून जाणार नव्हते मी,” ती म्हणाली.

आणि थंडी सरायच्या आत ठेवून गेलीच की.