उचल तुही तलवार

आमच्या घरी नवे सोयरे आले की जेवणं उरकल्यावर त्यांना तलवारबाजीचा एक जुना इंग्रजी सिनेमा बघावा लागतो. ही रीत बाबांची. माझी सोयरीक ठरली तेव्हा त्यांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्यालाही अकोल्याच्या थेटरात रविवारच्या मॉर्निंग शोला नेलं होतं. बिचारा नवा शर्ट घालून आला होता आणि निम्मा वेळ पडद्याऐवजी बाबांकडेच बघत होता.

कारण सिनेमा इंग्रजी असला तरी आमच्या रांगेत तो वऱ्हाडीत चालायचा. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. तिथल्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण नायक पळणाऱ्या खलनायकामागे झुंबराला लोंबकळत जिन्यावर उतरला की बाबा लगेच त्याच्या वतीनं बोलायचे, "काहून पयतं बे? थांब ना!" मागच्या रांगेतले लोक चिडायचे नाहीत. उलट म्हणायचे, "काका, जरा जोरानं सांगा."

या सिनेमांचं वेड मला अजून आहे. कथा सगळ्या एकाच मापाच्या. पण त्यातला माणूस गळ्याशी पातं आलेलं असतानाही हसतो, आणि जिंकण्यापेक्षा नीट लढण्याची त्याला जास्त काळजी असते. बाबांच्या लाडक्या सिनेमात शेवटी खलनायकाची तलवार हातातून निसटते. एक वार केला की काम फत्ते. पण नायक थांबतो, आपल्या तलवारीच्या टोकानं ती उचलून त्याच्याकडे उडवतो आणि काहीतरी बोलतो. इथे बाबा आधी सगळी रांग गप्प होऊ द्यायचे. मग म्हणायचे, "घे. उचल तुही तलवार. रिकाम्या हाताच्या माणसाले मी मारत नाही."

माझ्या अंगावर काटा यायचा. असं बोलणारी भाषा आपल्याला आलीच पाहिजे, असं वाटून मी इंग्रजीच्या मागे लागले. आज सासरच्या गावी, राजापेठेत, माझे इंग्रजीचे क्लास आहेत.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. व्याही-विहीणबाई पुण्याहून घर बघायला येणार होते. अकोल्याचं घर सोडल्यापासून बाबा आमच्याकडेच असतात. मी पडदे धुतले, कपबशा नव्या आणल्या आणि बाबांना बजावलं, "जरा हळू बोला. आणि ते पुण्याचे आहेत, जरा नीट बोला." नीट म्हणजे कसं, ते त्यांनी विचारलं नाही. मान हलवली.

जेवणं झाली आणि बाबांनी सिनेमा लावायला सांगितला. नाही म्हणता येईना. टीव्हीवर खाली इंग्रजी ओळी येत होत्या. बाबांना तेवढं बारीक दिसत नाही. त्यांनी आपलं सुरू केलं, तेच, तसंच, जिनिंगच्या आवाजात. व्याही हसत होते. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं, आपल्याला हसताहेत. कानशिलं तापली माझी.

तलवार पडली. बाबा थांबले, मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. व्याह्यांनी सहज विचारलं, "अरे वा! खरंच असं म्हणतो तो?"

"छे हो," मी म्हणाले. "खाली लिहून येतंय ना. 'लवकर उचल, माझं जेवण थंड होतंय' असं म्हणतोय तो. बाबांना इंग्रजी कुठे येतंय? मनाचंच सांगतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "असं व्हय?" एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी एक शब्द काढला नाही. पडद्यावर नुसती खणखण चालू राहिली आणि विहीणबाई चुळबुळत बसल्या. निघताना व्याही बाबांच्या पाया पडले. म्हणाले, "आजोबा, शेवट राहिला की तुमच्या तोंडून. आम्हाला तर फार मजा येत होती."

"लेकीले विचारा," बाबा म्हणाले. "तिले इंग्रजी येते."

हे त्यांनी कुचकटपणे म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांच्या बोलण्यात माझं कौतुक होतं, आणि त्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याही कधी हसलेच नव्हते आम्हाला. बाबांची लाज एकट्या मलाच वाटत होती. ज्या बोलीनं मला इंग्रजीची गोडी लावली, तिलाच मी पाहुण्यांसमोर घराबाहेर काढलं.

पुढच्या रविवारी मी तोच सिनेमा लावला. खालच्या ओळी बंद केल्या. आम्ही दोघंच होतो. झुंबर आलं, जिना आला. बाबा हातावर हात ठेवून बघत राहिले. मी मुद्दाम विचारलं, "हा काय म्हणून राहिला, बाबा?"

"मले काय समजते त्यातलं."

मग तलवार पडली. मी थांबले. ते बोलेनात, तेव्हा मीच म्हटलं, "घे. उचल तुझी तलवार." क्लासात शिकवून शिकवून माझी जीभ अशी झाली आहे की 'तुही' म्हणताच आलं नाही. ऐकायला ते धड्यातल्या वाक्यासारखं लागलं.

"तसं नाही ना म्हणत तो," बाबा समजावल्यासारखं म्हणाले. "त्याचं जेवन थंड होऊन राहिलं." मग जरा वेळानं टीव्हीकडेच बघत त्यांनी विचारलं, "बाई, मंग इतके वर्सं मी लोकायले खोटंच सांगत होतो का?"

मी नाही म्हटलं. खूपदा म्हटलं. ते मान हलवत राहिले, पाहुणे येण्याआधी हलवली होती तशीच.