कमलची लाट आणि माझी शिट्टी

गेल्या उन्हाळ्यात मी कमरेएवढ्या पाण्यात बुडालो. म्हणजे, बुडालो असं सगळा जालना तालुका म्हणतो. खरं काय झालं ते फक्त मला आणि माझ्या बायकोला, कमलला, माहीत आहे. ती कुठं बोलत नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गेली माझी. शिकवायचो गणित, पण खरा विषय शिस्त. गळ्यात कायम शिट्टी. रिटायर झालो, शाळा सुटली, शिट्टी काही सुटली नाही. बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहारात खिरीची रांग मीच लावतो, शिट्टी मारून. लोक कुरकुरतात, "सर, खीर गोड हाय, पर घशाखाली उतरत न्हाई." न उतरू द्या! रांग तर सरळ राहते ना?

कमलची आयुष्यात एकच हौस होती. समुद्र बघायची. तिचं माहेर अंबडकडचं, सासर जालना; पाणी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं टँकर येतो. कोकणात जायचं किती वेळा ठरलं, आणि दर वेळी माझी निवडणुकीची ड्यूटी निघाली, नाहीतर जनगणना, नाहीतर साहेबांची तपासणी. शेवटी तिनंच आपली मागणी कमी करून घेतली.

"समुद्र राहू द्या," ती म्हणाली. "त्या नव्या वॉटर पार्कात मशीनच्या लाटा सोडतेत म्हणे. एक मोठी लाट अंगावर घेऊ द्या. मंग म्या तुम्हाला काई मागणार न्हाई."

एवढं स्वस्तात सुटतोय म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.

गेलो. दारातच बोर्ड होता: लाटा दिवसातून दोनदाच, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. त्याच्या खाली नियमांचा बोर्ड. मी तो पूर्ण वाचला. मोठ्यानं वाचला, म्हणजे मागच्यांनाही कळावं. मागच्यांपैकी एकानंही वाचायचे कष्ट घेतले नाहीत, उलट एकजण म्हणाला, "बाबा, सरका की, आत जाऊ द्या." आपल्या लोकांना बोर्ड लावायचा कशाला? पान खाऊन थुंकायला बरा पडतो म्हणून?

पोहायचे कपडे भाड्यानं घ्यायची रांग होती. आम्ही शिस्तीत शेवटी उभे राहिलो. तेवढ्यात एक भरदार गृहस्थ, मागं बायको, भाऊ, भावजया, लेकरं असं अख्खं खटलं घेऊन थेट खिडकीपाशी!

"ओ भाऊ! रांग हिकडं संपते."

"आमचं माणूस उभं हाय पुढं."

"कुठंय माणूस?"

"ती काय, सासू."

"अहो, सासू एक आणि तुम्ही एवढे?"

"सासू एकलीच असती सर. बाकी आम्ही सगळे तिचेच हाव की!"

"मी सर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बोट नाचवून बोलून राह्यले म्हून वळखलं."

हे दगडूभाऊ. अंकुशनगरला कारखान्यात कामाला. आमच्याकडं ही फार जुनी पद्धत आहे: घरातलं एक म्हातारं माणूस रांगेत रोवून ठेवायचं आणि बाकीच्यांनी सावलीत बसून भेळ खायची. नंबर आला की म्हाताऱ्याला सगळं गोत्र चिकटतं. मी हा प्रकार चालू देणार नव्हतो. मी शिट्टी मारली. मॅनेजरला बोलवा म्हणालो. मॅनेजर आला, त्याला बोर्ड वाचून दाखवला. तो म्हणाला, "जाऊ द्या ना सर, पब्लिक हाय." मी म्हणालो, "जाऊ द्या म्हणूनच देश असा झाला!" मग देश कसा झाला यावर मी जरा सविस्तर बोललो.

बोलता बोलता आतून भोंगा वाजला. पाठोपाठ शेकडो माणसांचा "हुय्याऽऽ!" असा आवाज.

कमल हातात भाड्याचा नायलॉनचा ड्रेस धरून उभी होती. "लाटा का हो?" तिनं विचारलं.

दुपारच्या लाटा होऊन गेल्या. दगडूभाऊचं अख्खं खटलं भिजून बाहेर आलं तरी मी देशावरच होतो.

"संध्याकाळी आहेत ना अजून," मी म्हणालो. कमलनं त्या ड्रेसची नीट घडी घातली. ती अशी घडी घालते तेव्हा जास्त भीती वाटते.

संध्याकाळपर्यंत जे बघितलं ते सांगायला जीभ धजत नाही, पण सांगतो. झाडाखालच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या, आणि एकीवरही बसायची सोय नाही! प्रत्येकीवर रुमाल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारी आपली माणसं, त्यांना खुर्ची दिसली की हात आपोआप खिशात जातो. बाहेरचं खाणं आणायला मनाई, तर एका बाईनं झोळीत लेकराच्या जागी भाकरी निजवलेल्या. वर टोपडं! घसरगुंडीच्या तोंडाशी एक पोरगा आणि त्याची नवी नवरी रील काढून राह्यलेले. ती घसरायची, हा म्हणायचा "हसू बराबर न्हाई आलं," की ती परत जिना चढायची. मागं सगळी रांग तापत उभी. आणि नकली धबधब्याखाली एक माणूस चक्क चड्डी-बनियन धुऊन पिळत होता. हे सगळं मी प्रत्येकाला समजावून सांगितलं, एकेकट्याला गाठून. कुणी हसलं, कुणी पाठ फिरवली. भाकरीवाल्या बाईनं मला एक भाकरी देऊ केली. असल्या निर्लज्जांशी काय बोलायचं!

परत आलो तर कमल गायब. शोधली, तर दगडूभाऊच्या सतरंजीवर! त्यांच्या बायकोच्या, गंगूवहिनीच्या, मांडीला मांडी लावून जेवत होती.

"ह्या वहिनी लई मायाळू हायेत," ती मला म्हणाली. "ठेचा खाऊन बघा."

"नियम मोडून आणलेला ठेचा मी खात नाही," मी म्हणालो. (एक घास खाल्ला. ठेचा उत्तम होता. तत्त्व वेगळं.)

संध्याकाळ झाली. भोंग्याच्या बऱ्याच आधीच कमल कुंडात जाऊन उभी राहिली. नायलॉनच्या ड्रेसमध्ये, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, आणि चेहरा असा की लग्नाच्या दिवशीही एवढा खुलला नव्हता. (त्या दिवशी मी वऱ्हाड्यांची पंगत लावत होतो, त्यामुळं मला तो नीट दिसलाही नव्हता.) मी शेजारी उभा. शिट्टी गळ्यात.

"ती काढून ठेवा की," ती म्हणाली.

"राहू दे, सवयीची आहे."

"आज कुणाला काई बोलू नका. तुम्हाला हात जोडते. आज फकस्त लाट."

"बिलकुल नाही बोलत," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

भोंगा झाला. पहिली लाट पोटाला आली. कमलनं माझा हात घट्ट धरला. दुसरी छातीला. ती हसायला लागली. "मोठी मागून येती, वहिनीनं सांगितलंय!" असं म्हणून तिनं माझा हात सोडला, दोन्ही हात पसरले आणि समोर बघत राहिली. तिकडून खरंच पाण्याची एक भिंत निघाली होती.

मी पण समोरच बघायला पाहिजे होतं. मी डावीकडं बघितलं.

डावीकडं दगडूभाऊ साबण लावत होते! सगळ्या पब्लिकच्या पाण्यात उभं राहून, निवांत, पाठीला, काखेला, डोक्याला!

"अहो, काय करून राह्यले तुम्ही?"

"आयतं पाणी हाय सर. घरी नळ कधी येईल त्याचा काई भरोसा हाय का? तुम्हाला लावू का पाठीला?"

पुढचं माझ्या हातानं केलं, मी नाही. शिट्टी तोंडात गेली आणि शाळा भरायची असते तशी लांबलचक वाजली.

मशीन बंद पडलं.

ती पाण्याची भिंत कमलपासून चार हातांवर आली होती. ती तिथंच ढेपाळली, खाली बसली आणि ताटातल्या वरणासारखी सपाट झाली. कमल हात पसरून तशीच उभी.

आणि मचाणावरचा गार्ड ओरडला, "सगळे बाहेर! कोण बुडालं? कोण बुडालं?"

मला काय माहीत की तिथं लांब शिट्टी म्हणजे माणूस बुडालं! (बोर्डावर होतं. शेवटून दुसरी ओळ. मी स्वतःच वाचली होती, मोठ्यानं.) एकच गोंधळ उडाला. बाया लेकरांना हाका मारायला लागल्या. रीलवाला नवरीला शोधायला लागला, मोबाइल चालूच ठेवून. गार्ड पाण्यात उड्या टाकायला लागले. आता हात वर करून "शिट्टी मी मारली, साबणासाठी" असं सांगायची हिंमत तुमच्यात असेल तर तुम्ही थोर. मी शिट्टी गळ्यातून काढली, मुठीत दाबली आणि पाण्यात खाली बसलो. आधी गळ्यापर्यंत. मग लोक माझ्याकडं बघायला लागले असं वाटलं म्हणून नाकापर्यंत. मग पूर्ण.

पाण्याखाली मला कमलचा आवाज आला.

"आमचे सर कुठं हायेत? आत्ता हितं होते! अहोऽऽ!"

"सर बुडाले!" कुणीतरी बोंबललं. "सर गेले!"

आता वर कसं यायचं? मी विचार करतोय तोवर दगडूभाऊंनी झेप घेतली. माणूस दांडगा, मायाळू, पण नखशिखांत साबण लागलेला! त्यांनी मला काखेत धरून उचललं आणि मी सुळ्ळकन निसटलो. परत धरलं, परत निसटलो. दर वेळी डोकं पाण्यावर आलं की मी बोलायला तोंड उघडायचो आणि तोंडात त्यांच्या पाठीचा साबण जायचा. त्याआधी मी बुडत नव्हतो. दगडूभाऊ वाचवायला आल्यावर मात्र खरोखर बुडायला लागलो.

शेवटी त्यांनी मला पायाला धरून ओढत काठावर आणून टाकलं.

"तोंडाला फेस आला रे!" एक बाई किंचाळली. "जल्दी करा!"

दगडूभाऊ माझ्या पोटावर बसले. भाकरीवाली बाई तळपाय चोळायला लागली. चड्डी धुणाऱ्यानं ती ओली चड्डी माझ्या कपाळावर ठेवली. दिवसभर ज्यांना ज्यांना मी शिस्त शिकवली ते सगळे माझ्याभोवती रिंगण करून उभे, आणि काय सांगू, एकाच्याही तोंडावर राग नव्हता. सगळे काळजीत. गंगूवहिनी तर रडत होत्या.

"सर, बोला! काई तरी बोला!"

मी बोललो. "साबण," म्हणालो.

"बरळून राह्यले," दगडूभाऊ म्हणाले आणि आणखी जोरात दाबलं.

गार्ड धापा टाकत आला. "शिट्टी कुणी मारली? ज्यानं मारली त्यानं वाचवलं ह्यांना. देवमाणूस हाय तो! कोण हाय?"

सगळे इकडं तिकडं बघायला लागले. कमल माझ्या उशाशी बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला, घट्ट मिटलेली मूठ बघितली, दोन बोटं उचलून आत डोकावली. मग ती बोटं जशीच्या तशी परत मिटली.

"कोण की," ती म्हणाली. "गर्दी होती."

त्या दिवशी पुढच्या लाटा बंद ठेवल्या. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. पार जालना येईपर्यंत एकच वाक्य बोलली.

"एकच लाट मागितल्ती म्या."

मला फार वाईट वाटलं. विनोद सोडून सांगतो, फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत तिनं कधी भांडण केलं नाही, आणि त्या वाक्यातही भांडण नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं.

तिकडं रीलवाल्यानं सगळं शूट केलेलं होतं. "सरांना अंकुशनगरच्या वाघानं वाचवलं" या नावाखाली ते तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरलं. माझे जुने विद्यार्थी फोन करून मला पोहायला शिका म्हणाले.

पुढच्या रविवारी कमल सकाळीच तयार होऊन बसली. दगडूभाऊंचा फोन येऊन गेला होता. सगळं खटलं परत निघालं होतं, हिच्यासाठी म्हणून.

"तुम्ही येता का?" तिनं विचारलं. "शिट्टी म्या ठेवून देल्ली. कुठं ते विचारू नका."

गेलो. गेटवर गार्डनं मला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "हे ते बुडणारे सर! ह्यांना लाटांमधी सोडायचं न्हाई. वरून आर्डर हाय." मी वाद घालायला तोंड उघडलं, कमलकडं बघितलं आणि मिटलं. मग त्यांनी मला बदकाचं तोंड असलेली ट्यूब कमरेला चढवली आणि लहान लेकरांच्या हौदात नेऊन सोडलं.

तिथून लाटांचं कुंड दिसत होतं. भोंगा वाजला. कमल आणि गंगूवहिनी हातात हात घालून अगदी पुढं उभ्या होत्या, लोकांना कोपरानं सारत पुढं घुसलेल्या. मोठी लाट आली आणि कमल तिच्यात नाहीशी झाली. मी ताडकन उभा राहिलो. ती वर आली, टोपी कुठल्या कुठं गेलेली, केस तोंडावर, आणि ती अशी ओरडली, असं खदाखदा हसली की माझे डोळेच भरून आले. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "कमल! आली गं आली, तुझी लाट आली!"

मागून कुणीतरी माझी ट्यूब ओढली. वळून बघितलं तर मी लेकरांच्या घसरगुंडीच्या बरोबर तोंडाशी उभा होतो आणि वर जिन्यापर्यंत बारक्यांची रांग तुंबली होती. एक बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती.

"आजोबा, जरा लाज वाटू द्या," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "काय एकेक माणसं येतेत हो हितं! ह्यांना कुणी शाळा शिकवली का न्हाई?"

मी बदक सावरलं आणि मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.